कोकणातल्या घरात पहिला साप: बॉल पायथन की कॉर्न स्नेक?

पहिल्यांदाच साप पाळणाऱ्या माणसाच्या हाती जी माहिती लागते ती बहुतेक थंड, कोरड्या देशांतली असते. पेटीच्या जाळीवर फॉइल लावा, दिवसातून दोनदा पाणी फवारा, दिवा रात्रभर चालू ठेवा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात हे सल्ले जसेच्या तसे पाळले तर साप आजारी पडतो. आपल्याकडे ऊब आणि ओल आयती मिळते, नको तेवढी मिळते. मिळत नाही ती थंड बाजू आणि कोरडी हवा. त्यामुळे दोन सापांतून एक निवडताना ‘कुणाला किती ऊब लागते’ यापेक्षा ‘माझ्या घरातला जुलै आणि माझ्या घरातला मे कुणाला सोसेल’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

नवख्याला सहसा दोनच नावं सुचवली जातात. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. दोघंही बिनविषारी. लांबी दोघांचीही साधारण एक ते दीड मीटर, पण बॉल पायथन जाडजूड आणि संथ, कॉर्न सडपातळ आणि चपळ. केनियन सँड बोआही कधीकधी सुचवला जातो. तो कोरड्या वाळूतला साप आहे, किनाऱ्यावरच्या घरासाठी त्याचा विचारच करू नका.

आकडे आधी सांगते. बॉल पायथनला पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागते, थंड बाजू २५ ते २७, रात्री २४ च्या खाली जाऊ नये, आणि आर्द्रता ५५ ते ७० टक्के. कॉर्न स्नेकला उबदार बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं, आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के. दोन्हीकडे महत्त्वाचा आहे तो दोन टोकांमधला फरक. साप स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही. खाल्लेलं पचवायला तो उबेला जातो आणि अंग तापलं की सावलीला परततो. सगळी पेटी सारख्याच तापमानाची असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही.

पावसाळा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यालगतच्या घरात हायग्रोमीटरचा, म्हणजे हवेतली ओल मोजणाऱ्या यंत्राचा आकडा क्वचितच ८० च्या खाली येतो. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी धरते. त्याच हवेत सापाची पेटी ठेवायची असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर बरंच सोपं होतं. हायग्रोमीटर सापेक्ष आर्द्रता दाखवतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या किती टक्के वाफ सध्या आहे, एवढंच तो सांगतो. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावते, पण वाफ असते तेवढीच, म्हणून टक्का उतरतो. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा साधारण ६७ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात हीटर हे पेटी कोरडी करायचं साधन आहे. ‘बाहेर एवढं उकडतंय, हीटर कशाला’ म्हणून जुलैमध्ये तो बंद करणारे पुष्कळ जण असतात, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्याच सापाला सर्दी होते.

आता दोघांची तुलना करा. ६७ टक्के म्हणजे बॉल पायथनच्या पट्ट्यात बसणारा आकडा. नुसत्या हीटरने त्याची उबदार बाजू व्यवस्थित होते. कॉर्नसाठी मात्र ६७ अजूनही चढेच आहेत, आणि त्यासाठी आणखी तापवायची सोय नाही. जाळी मोकळी ठेवली तरी बाहेरून येते ती तीच ९० टक्क्यांची हवा. खरोखर ६० च्या खाली यायचं तर खोलीत एसी ड्राय मोडवर लावावा लागतो किंवा डीह्युमिडिफायर आणावा लागतो. तेवढं जमत नसेल तर निदान हवा खेळती आणि तळ कोरडा ठेवा. कॉर्नचा मूळ प्रदेशही काही वाळवंट नाही, थोडी दमट हवा तो निभावून नेतो. पोटाखाली सतत ओल राहिली तर मात्र तो आजारी पडतो.

ही ओल लपून बसते थंड बाजूला. तिकडे हवा तापलेली नसते, त्यामुळे टक्का बाहेरच्याइतकाच राहतो. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी थंड बाजूचं लपायचं खोकं उचलून पाहा. खालचा कागद बोटाला चिकटतो का, कुबट वास येतो का, खोक्याच्या आतल्या बाजूला थेंब साठलेत का. मग सापाचं पोट पाहा. पोटावरच्या रुंद खवल्यांच्या कडा तपकिरी किंवा लालसर झाल्या असतील, एखादा खवला फुगून आत पाणी धरल्यासारखा दिसत असेल, तर ती खवले कुजण्याची सुरुवात आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, मान उंच धरून तोंड उघडं ठेवणं ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं. अशा वेळी घरगुती उपायात दिवस घालवू नका. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आपल्याकडे तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही, म्हणून तो साप आणण्यापूर्वीच शोधून ठेवायचा.

बॉल पायथन दिवसचे दिवस एकाच खोक्यात वेटोळं करून बसतो, त्यामुळे ओल्या तळाचा त्रास त्यालाही होतोच. त्याच्या बाजूने हवा आहे म्हणून निष्काळजी राहून चालणार नाही.

तळाला काय घालायचं? कोकोपीट कोकणात सहज मिळतं आणि बॉल पायथनसाठी सगळीकडे सुचवलंही जातं, पण ते ऑक्टोबरनंतर वापरा. पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. कॉर्नसाठी सुचवला जाणारा ॲस्पेनचा भुसा तर इथे बघता बघता बुरसटतो. जून ते सप्टेंबर दोघांनाही साधी वर्तमानपत्रं घाला आणि ती वारंवार बदला. दिसायला सुंदर नाही, पण ओल लगेच कळते. पाण्याचं भांडं लहान ठेवा आणि उबदार बाजूपासून लांब.

मे महिना आणि थंडी

किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ च्या आसपास असतो. आत चिपळूण, महाडकडे तो चाळिशीला भिडतो. या दिवसांत कॉर्नला लागणारी २२ ते २५ अंशांची थंड बाजू एसीशिवाय अशक्य आहे. बॉल पायथनला दोनतीन अंश जास्त चालतात, तेवढ्यानेही फरक पडतो. पण सगळी पेटी ३५ च्या वर गेली तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

इथे घराची बांधणी निर्णायक ठरते. चिऱ्याच्या जाड भिंतींचं, कौलारू घरातलं माजघर दुपारीही बऱ्यापैकी गार असतं. पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची वरची खोली सापासाठी नकोच. पेटी जमिनीलगत ठेवा, दिवसा हीटर बंद ठेवा. ओला पंचा आणि पंखा हा उपाय विदर्भात चालतो, कारण तिथली हवा कोरडी असते. आपल्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? त्यापेक्षा पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून एका बाजूला टेकवून ठेवा.

थंडीत पारडं उलटं झुकतं. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १८-२० अंशांपर्यंत उतरतात, दापोलीत त्याहून बऱ्याच खाली. कॉर्नला किनाऱ्यावर रात्री फारसं काही करावं लागत नाही. बॉल पायथनला रात्रभर ऊब द्यावीच लागते.

ऊब देणाऱ्या साधनांत हीट मॅट तळ तापवते, हवा फारशी नाही. सिरॅमिक हीटर हवा तापवतो, म्हणून पावसाळ्यात वाळवण्याचं काम तोच करतो. मात्र मॅटला १५-२० वॉट पुरतात आणि सिरॅमिकला ६० ते १०० लागतात. लहान इन्व्हर्टरवर मॅट रात्रभर चालेल, सिरॅमिकची खात्री नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दिवसांत खोली २६-२७ अंशांवर असते, त्यामुळे हीटरअभावी साप थंडीने जात नाही. फक्त वीज येईपर्यंत त्याला खायला घालू नका, कारण उबेशिवाय पचन होत नाही. कुठलंही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय लावू नका. बेलगाम तापलेल्या मॅटवर साप भाजतो आणि तरी हलत नाही.

हायग्रोमीटर काट्याचा नको, डिजिटल घ्या, आणि तो घरीच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घालून चिखलासारखं करा. झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर पाच टक्के कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून वापरा.

कागदपत्रं आणि शेजार

धामण, दिवड, नानेटी, मांडूळ, अजगर यांपैकी काहीही घरात ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे, पडवीत आपोआप आलेला साप असला तरीही. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स (CITES) कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये बॉल पायथन असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. कॉर्न त्या परिशिष्टांत नाही. तरी दोघांचंही रीतसर बिल आणि मूळ कागद विक्रेत्याकडून घ्या, आणि शंका असेल तर वनविभागाकडे आधीच विचारा. कागद द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून साप घेऊच नका.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. सड्यावर फुरसं आणि बागेत घोणस बघत मोठी झालेली माणसं साप म्हटला की काठी उचलतात, आणि त्यांची भीती उगाच नाही. कॉर्न निसटण्यात पटाईत असतो, बोटभर फटीतूनही जातो. पेटीला कुलूप हवंच.

माझा कौल असा: किनाऱ्यावर, एसी नसलेल्या चिऱ्याच्या घरात राहत असाल तर बॉल पायथन. वर्षातल्या दोन अवघड ऋतूंत हवा त्याच्या बाजूने असते. मात्र तो महिना-दोन महिने खाणं सोडू शकतो, आणि वजन टिकून असेल तर त्यात घाबरण्यासारखं नसतं, हे आधीच मनाशी पक्कं करा. तो २० ते ३० वर्षं जगतो, तेवढ्या वर्षांची तयारी हवी. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात राहत असाल, किंवा एका खोलीत पावसाळाभर एसी लावणं परवडत असेल, तर कॉर्न. तो सहसा खाण्यात नखरे करत नाही आणि थंडीत वीज गेली तरी निभावतो. त्याचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षांचं.

दोन्हींपैकी कुणीही जूनमध्ये आणू नका. पेटी मात्र जूनमध्येच मांडा, रिकामी, हीटर आणि थर्मोस्टॅट लावून. पावसाळाभर दोन्ही बाजूंचे आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. ऑक्टोबरपर्यंत ते पट्ट्यात राहिले, तर नोव्हेंबरमध्ये साप घरी आणा.