वेलकम जहाजावरचा विकतचा पूर्वज

वंशावळ शोधून देणाऱ्याने विकलेला तो अहवाल दिसायला देखणा होता. कापडी बांधणी, अकरा पिढ्यांचा तक्ता, सोनेरी चौकटीत घराण्याचं मानचिन्ह. पहिल्याच पानावर दावा: मूळ पुरुष १६८२ साली ‘क्वेकर’ या ख्रिस्ती पंथातल्या, पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या संस्थापक विल्यम पेनबरोबर ‘वेलकम’ जहाजाने तिथे आला आणि ‘जहाजाच्या मूळ यादीत’ त्याचं नाव आहे. पैसे तीन हप्त्यांत घेतलेले, शेवटचा हप्ता तक्ता हाती पडण्याआधी. ग्राहकाने मूळ कागदांच्या प्रती मागितल्या तेव्हा ‘संग्रहाचे नियम आड येतात’ असं उत्तर आलं, आणि पुढे तर फोनच उचलला जाईना.

ती मूळ यादी अस्तित्वातच नाही. वेलकम ऑगस्टअखेर इंग्लंडच्या डील बंदरातून निघालं. सुमारे शंभर प्रवाशांपैकी तीसेक वाटेत देवीने गेले आणि २७ ऑक्टोबरला जहाज अमेरिकेतल्या न्यू कॅसलला लागलं. आज मिळणाऱ्या याद्या नंतरच्या अभ्यासकांनी जहाजावर केलेली मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त वगैरेंवरून जुळवल्या आहेत. इंग्लंडहून येणाऱ्यांची नोंद तेव्हा कुणी पद्धतशीर ठेवत नव्हतं. १७२७ पासूनच्या प्रसिद्ध याद्या जर्मन भाषकांच्या. त्या हंगामात इतरही अनेक जहाजं आली, पण विकलं जातं ते वेलकमच, कारण गिऱ्हाइकाने तेवढं एकच नाव ऐकलेलं असतं.

मानचिन्हाचंही तसंच. ते इंग्लंडात आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं. शिवाय जे क्वेकर थडग्यावर दगड बसवणंही दिखाऊ मानत, त्यांच्या भिंतीवर ढाल-सिंह कशाला असतील?

तक्त्यात वसाहतीत जन्मलेल्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखाही होत्या. क्वेकर बाप्तिस्मा देतच नाहीत. मूल जन्मल्याची नोंद मासिक सभेच्या, म्हणजे त्या भागातल्या क्वेकरांच्या मंडळीच्या, वहीत होते. हा पंथ १६५० च्या आसपास उभा राहिला. त्याआधी जन्मलेला आजोबा इंग्लंडातल्या चर्चच्या वहीत सापडू शकतो, त्याची अमेरिकेत जन्मलेली नातवंडं नाहीत.

सर्वांत फसवी जागा महिन्यांची. क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, आकडे देत. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. त्या हिशेबाने दहावा महिना डिसेंबर आणि बारावा फेब्रुवारी, तोही जुन्याच वर्षाचा. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून, त्याचे आजोबा जॉर्ज बून यांनी इंग्लंडच्या डेव्हनमधल्या कलम्प्टन सभेचा सभासदत्वाचा दाखला पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेड सभेत दिला तो ३१ दहावा महिना, १७१७ रोजी. तो दिवस ३१ डिसेंबरचा. ऑक्टोबरलाही ३१ दिवस असल्याने ‘३१ ऑक्टोबर’ छापलं तरी डोळ्याला खुपत नाही, म्हणून असली चूक तक्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या अहवालात १७५२ पूर्वीचा एकूण एक महिना आजच्या क्रमाने वाचलेला होता. ज्याने खरोखर वह्या चाळल्या, त्याच्या हातून हे होत नाही.

गावांच्या नावांतही घोटाळा आहे. आयर्लंडच्या कार्लो परगण्यातून आलेल्यांनी पेनसिल्व्हेनियात न्यू गार्डन वसवलं. तिथून दक्षिणेला गेलेल्यांनी नॉर्थ कॅरोलायनात दुसरं न्यू गार्डन केलं, तिथली मासिक सभा १७५४ ची. पुढे गुलामगिरीच्या प्रदेशातून उत्तरेला निघालेल्यांनी इंडियानातही तेच नाव नेलं. अहवालात नुसतं ‘न्यू गार्डन, १७६०’ लिहून दोन वेगवेगळ्या माणसांचा एक माणूस केलेला होता.

खऱ्या क्वेकर स्थलांतराला दोन टोकं असतात. निघताना जुनी सभा दाखला देते आणि तसं आपल्या इतिवृत्तात लिहिते. पोचल्यावर नवी सभा तो वाचून घेते आणि आपल्या इतिवृत्तात लिहिते. दोन्ही नोंदी मागा. बायकांची सभा वेगळी भरे, म्हणून तिचीही वही पाहा. लग्नाआधी वधूवर दोन मासिक सभांत इरादा सांगत, आणि लग्नाला हजर असलेले सगळे दाखल्यावर सही करत. आपल्याकडे अक्षता टाकणाऱ्या प्रत्येकाने सही करावी तसंच. भाऊ, मावश्या, मेव्हणे तिथे आपसूक सापडतात. मध्येच माणूस वह्यांतून नाहीसा झाला तर पंथाबाहेर लग्न केल्याने सभेने काढून टाकल्याची नोंद आधी शोधा. मुलाच्या अशा लग्नावरूनही काढत: डॅनियलचे वडील स्क्वायर बून तसे १७४८ मध्ये एक्झिटर सभेतून गेले.

प्रत्येक पिढीपुढे ‘हिनशॉ’ असा आधार दिला होता. क्वेकर सभांच्या नोंदींचे विल्यम वेड हिनशॉ यांचे सहा खंड खरे आणि उपयोगीही, पण त्यांच्या दुसऱ्या खंडात पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया आणि फॉल्स याच दोन मासिक सभा आहेत. पेनसिल्व्हेनियातल्याच चेस्टर परगण्याच्या नोंदीला त्या खंडातला पान क्रमांक दिलेला दिसला की अहवाल लिहिणारा थाप मारतोय हे ओळखावं. गुस्ताव्ह अन्ज्यू या वंशावळ-बहाद्दराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना हेच विकलं: खऱ्या कागदांची रेलचेल आणि दोन पिढ्यांच्या नेमक्या जोडाच्या जागी एक बनावट कागद. आपणही जोडच तपासायचा, म्हणजे समुद्र ओलांडणारी पिढी.

काम देण्याआधी करारात लिहून घ्या: प्रत्येक जोडाला सभेचं पूर्ण नाव, वसाहत, वहीचा प्रकार, मूळ पानाची छायाप्रत, आणि ‘सापडलं नाही’ हाही निकाल मान्य. पैसे तासांवर द्या, ठरावीक पूर्वजावर नको. प्रती मिळत नाहीत ही थाप आहे. पेनसिल्व्हेनियात स्वॉर्थमोर आणि हॅव्हरफर्ड, नॉर्थ कॅरोलायनात गिलफर्ड या महाविद्यालयांच्या संग्रहांशी तुम्ही स्वतः पत्रव्यवहार करू शकता. इंग्लंडातल्या क्वेकर नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आर जी ६ या मालिकेत आहेत.

या अहवालातल्या शेवटच्या तीन पिढ्या मात्र बिनचूक निघाल्या. त्या ग्राहकानेच सुरुवातीला अर्जात भरून दिल्या होत्या.

पैसे गेलेच असतील आणि अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत कळवा. करार, प्रती नाकारल्याचा निरोप आणि ‘अशी नोंद आमच्याकडे नाही’ हे संग्रहाचं पत्र सोबत जोडा. ते पत्र यायला वेळ लागतो, म्हणून संग्रहाला आधी लिहा.