सर्व्हर कुठे ठेवायचा: सातपूर, नवी मुंबई की थेट फिनलंड?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच कारखान्यांत सर्व्हर रूम म्हणजे अकाउंट्समागची बिनखिडकीची खोली. रॅकला खेटून यूपीएस, १८ वर लावलेला स्प्लिट एसी आणि स्विचवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी. खरं तर सर्व्हरला २७ अंशांपर्यंतची हवा चालते, पण सांगणार कोण! हे एसी बारा महिने अखंड चालायला बनलेलेच नसतात. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की आधी तेच मान टाकतात. निफाडकडच्या थंडीत बाहेरची हवा आत घेता येईल, पण धूळ गाळायची, पावसाळ्यात दमटपणा सांभाळायचा. दोन रॅकसाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

थंड देशांत तोच खटाटोप परवडतो, कारण तिथे रॅक हजारोंनी असतात. गूगलने २००९ मध्ये फिनलंडमधल्या हामिनाची बंद पडलेली कागद गिरणी घेतली आणि समुद्राच्या गार पाण्यावर सर्व्हर थंड ठेवले. फेसबुकचं स्वीडनमधल्या लुलेओचं डेटा सेंटर २०१३ मध्ये सुरू झालं, ते बाहेरच्या हवेवर. विजेचा हिशोब 'पीयूई' या आकड्यात मोजतात: एकूण वीज भागिले यंत्रांना लागलेली वीज. गूगलच्या सेंटर्सची सरासरी १.१ च्या आसपास, म्हणजे यंत्रांच्या शंभर युनिटांमागे वरखर्च दहाएक युनिट. जगाची सरासरी १.५ च्या वर आहे.

मला मात्र त्याहून मोठा फरक विजेच्या उगमात दिसतो. स्वीडनची वीज मुख्यतः पाण्याची आणि अणूची. आपली बहुतांश कोळशाची. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या नाशिककरांना वेगळ्या दाखवायला नकोत.

अडतं ते अंतरावर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबलचा वळसा धरला तर डेटाची फिनलंडला जाऊन-येऊन फेरी शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाते. बिलिंगच्या प्रत्येक एंटरला हे जाणवतं. शिवाय पेमेंट व्यवस्थेचा डेटा भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१८ पासून आहे.

म्हणून रोजचं बिलिंग, स्टॉक, द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवा. तिथलं सेंटरही उकाड्याशीच झुंजतं, तरी तुमच्या खोलीपेक्षा नेटकंच. जुनं सीसीटीव्ही फुटेज, रात्रीचा बॅकअप, तासन्‌तास चालणारी आकडेमोड खुशाल फिनलंड-स्वीडनला पाठवा. फक्त डेटा परत उतरवण्याचा दर आधी विचारून घ्या. ठेवायला स्वस्त आणि काढायला महाग, असे प्लॅन बरेच असतात.