दुनळी बंदुकीसाठी घेतलेली लोखंडी पेटी : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून बारा बोअरची एक दुनळी बंदूक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ही बंदूक वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झाली, आणि काजूच्या बागेत रानडुकरे उतरली की त्यांना हुसकावण्यासाठी वर्षातून चारपाच वेळा तिचा बार निघतो, एवढाच काय तो तिचा उपयोग. उरलेले सगळे वर्ष ती माजघराच्या भिंतीवर दोन सागवानी खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. नळ्या रिकाम्या, काडतुसे आतल्या खोलीतल्या ट्रंकेत, आणि खुंट्या पुरुषभर उंचीच्याही वर. त्यामुळे चाळीस वर्षांत या व्यवस्थेबद्दल घरातल्या कोणाला काही खटकले नव्हते, मलाही नाही.

ते खटकले चतुर्थीच्या सुट्टीत. ठाण्याहून आलेल्या चार वर्षांच्या नातवाने शिंकाळ्यातल्या लाडवांच्या डब्यापर्यंत पोचण्यासाठी बाजल्यावर दोन पाट रचले होते आणि त्यावर तो अगदी सराईतासारखा उभा होता. शिंकाळे आणि बंदुकीच्या खुंट्या यांच्या उंचीत जेमतेम वीतभराचा फरक होता. आमच्याकडे चतुर्थीला भावांची मिळून नऊ मुले घरात असतात आणि त्यांतली निम्मी दहा वर्षांच्या आतली. त्याच रात्री बंदूक खाली काढून मी माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून कुलूपबंद पेटीचा शोध सुरू केला. या शोधात काय काय घेतले, काय परत केले आणि शेवटी जी पेटी ठेवली ती दोन पावसाळे काढल्यावर कशी निघाली, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या भागात परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत आणि त्या ठेवण्याच्या सोयीबद्दल मराठीत लिहिलेले मला फारसे सापडले नाही.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबतच शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. आपण सगळेच ते सही करून देतो आणि विसरतो. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. परंतु खरे सांगायचे तर पेटी घेताना माझ्या डोळ्यांसमोर कलम नव्हते, पाटांची ती चळत होती.

प्रथम मी चापाला लावायचे कुलूप मागवले. चापाच्या कड्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे बसणारे हे कुलूप एकनळीसाठी ठीक असेल; आमच्या दुनळीला पुढेमागे दोन चाप असल्यामुळे ते नीट आवळले जात नव्हते आणि हलवले की मागच्या चापाला घासत होते. भरलेल्या बंदुकीला तर असले कुलूप कधीच लावू नये, कारण ते बसवताना किंवा काढतानाच चाप ओढला जाण्याचा संभव असतो. त्यापेक्षा पोलादी तारेचे कुलूप उपयोगी ठरले. बंदूक मोडून, म्हणजे नळ्या दस्त्यापासून खाली झुकवून, तार एका नळीत मागून घालून तोंडातून बाहेर काढायची आणि दोन्ही टोके कुलपात अडकवायची. मग बंदूक मिटतच नाही आणि नळीत काडतूसही बसत नाही. मात्र कुलूप लावलेली बंदूकही कोणी उचलून नेऊ शकतो, म्हणून हे कुलूप पेटीच्या जोडीला ठेवावे, पेटीच्या ऐवजी नव्हे.

त्यानंतर बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी मागवली. जाहिरातीत ती एका क्षणात उघडते असे दाखवले होते. काजूच्या बोंडांत आणि बियांच्या चिकात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवर ठसे कितपत शिल्लक असतात, हे रेशन दुकानातल्या यंत्रापुढे उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. दहा वेळा बोट टेकवले तर पेटी तीनदा उघडायची. ती आठवड्याच्या आत परत केली. पैसे मात्र विनातक्रार परत मिळाले, हे नमूद केले पाहिजे.

शेवटी ठेवली ती आकडे दाबून उघडणारी उभी लोखंडी पेटी. बाहेरून साडेचार फूट उंच, एक फूट रुंद, दहा इंच खोल, वजन सुमारे 32 किलो आणि किंमत 14,500 रुपये. विक्रेत्याच्या वर्णनात पत्रा तीन मिलिमीटरचा असल्याचे लिहिले होते; माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने दाराच्या कडेला मोजला तो दोन मिलिमीटर भरला. मुलांपासून बंदूक दूर ठेवण्यासाठी दोन मिलिमीटर पुरेसा आहे, चोरापासून नाही. पण तीन सांगून दोन देणे हे काही बरे नाही. तक्रारीला उत्तर आले ते ‘सरासरी जाडी’ असे. सपाट पत्र्याची सरासरी जाडी म्हणजे काय, हे मला अजून उमगलेले नाही.

याहून मोठी चूक आतल्या मांडणीत आहे. वरच्या भागात काडतुसांसाठी आठ इंचांचा वेगळा कप्पा दिलेला आहे. तीस इंची नळीची दुनळी दस्त्यासकट सुमारे 47 इंच भरते, आणि कप्पा वजा जाता आत उरणारी उंची जेमतेम 45 इंच. म्हणजे लांब बंदुकीसाठी म्हणून विकलेल्या पेटीत लांब बंदूक उभी राहत नाही. दुनळी सुटी करून नळ्या आणि दस्ता वेगवेगळे ठेवता येतात हे खरे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चांगलेही, पण प्रत्येक वेळी तसे करणे माझ्यासारख्याच्या हातून होणार नाही, हे मला ठाऊक होते. मी कप्प्याचे चार स्क्रू काढून तो बाहेर केला. त्याचे मला दुःख झाले नाही, कारण काडतुसांचा कप्पा बंदुकीच्याच पेटीत असावा ही कल्पनाच मला पटलेली नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बाबतीतले बंदुकीचे अपघात आणि आत्महत्या तपासून असे आढळले होते की बंदूक रिकामी ठेवणे, ती कुलपात ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे आणि काडतुसेही कुलपात ठेवणे, या चारही गोष्टींपैकी प्रत्येकीने धोका कमी होतो. एकच दार उघडल्यावर दोन्ही हाती लागत असतील, तर यांतली तिसरी गोष्ट नावापुरतीच राहते. आमची खडकीच्या कारखान्यातली काडतुसे आता दुसऱ्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या तिजोरीत असतात.

पेटी भिंतीला बसवण्याचे काम विक्रेत्याच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेले आहे, पण आमच्याकडे त्यातच दोन दिवस गेले. पेटीबरोबर आलेले चार फास्टनर काँक्रीटसाठी आहेत. चिऱ्याच्या भिंतीत ते धरत नाहीत. जांभा दगड सच्छिद्र असल्याने बोल्ट आवळला की भोक मोठे होते आणि फास्टनर हातात येतो. गवंड्याने चिऱ्यात सहा इंच खोल भोके पाडून, त्यांत लांब बोल्ट सिमेंटमध्ये गाडून आठवडाभर पाणी मारले आणि मग पेटी चढवली. हा खटाटोप टाळू नये. न बांधलेली उभी पेटी अरुंद बुडावर उभी असते, आणि दाराच्या मुठीला एखादे मूल लोंबकळले तर 32 किलो लोखंड त्याच्या अंगावर येईल.

आकड्यांचे कुलूप आजवर चांगले चालले आहे. सहा आकड्यांचा संकेत ठेवता येतो आणि तीनदा चुकला तर ते काही मिनिटे बंद पडते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. रबरी बटणांपैकी रोज दाबली जाणारी बटणे वर्षभरात इतरांपेक्षा चकचकीत दिसू लागतात, म्हणून संकेत दर काही महिन्यांनी बदलावा. आणि पहिल्या पावसाळ्यात सेलच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढून कुलूप मुके झाले होते, तेव्हा आता मृगाच्या आधी सेल बदलतो.

गंजाबद्दल वेगळे लिहायला हवे. पेटीच्या आत काळा स्पंज चिकटवलेला आहे. दिसायला छान, पण सिंधुदुर्गच्या पावसात तो पाणी धरून बसतो. श्रावणात पेटी उघडली तर नळ्यांना जिथे स्पंज टेकला होता, नेमका तिथेच तांबूस पट्टा उमटलेला होता. स्पंज खरवडून काढला आणि सुताराकडून खाचा पाडलेली फणसाच्या लाकडाची पट्टी बसवून घेतली. बंदूक खोळीत घालून पेटीत ठेवू नये, खोळही ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि तेल दिल्यावर नळ्यांची तोंडे खाली करून ठेवावे, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

आता किल्लीचे. सेल संपले तर दार उघडण्यासाठी कंपनी दोन आपत्कालीन किल्ल्या देते, आणि या पेटीचा सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे, असे माझे मत झाले आहे. माझी किल्ली मी देवघरात दत्ताच्या तसबिरीमागे ठेवली होती. सातव्या वर्षात असलेल्या नातीने एके दिवशी जेवताना सहज विचारले, ‘‘आजोबा, दत्तबाप्पाच्या मागची ती बारीक चावी कसली हो?’’ मी काही बोलण्याआधी आमच्या हिने वाढता वाढता म्हटले, ‘‘तुमी चावी खय ठेवतास ता आधी पोरांक कळता, मगे माका.’’ अटलांटातल्या डॉक्टरांनी 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे 29 छोटे गट पंधरा मिनिटांसाठी एका खोलीत ठेवले होते, जिच्या खणात निकामी केलेले खरे पिस्तूल लपवलेले होते. 21 गटांना ते सापडले, त्यांतल्या 16 गटांनी ते हाताळले आणि 10 गटांत चाप ओढला गेला. त्यांतल्या बहुतेक मुलांना बंदुकीला हात लावू नये हे आधी शिकवलेले होते. त्या खोलीत पंधरा मिनिटे होती, आमच्या घरात मे महिन्याची संपूर्ण सुट्टी असते. आता एक किल्ली माझ्या करदोऱ्याला असते आणि दुसरी कुडाळच्या बँकेतल्या लॉकरमध्ये. संकेत मी घरात कोणाला सांगितलेला नाही. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तेव्हा हिनेही तो मागितला नाही.

विक्रीनंतरच्या सेवेला मी पाचपैकी दोनच गुण देईन. बिजागरी कुरकुरू लागल्यावर सुटा भाग यायला सहा आठवडे लागले आणि तोही डाव्या दाराचा आला. पेटीला मात्र साडेतीन देतो. ज्यांच्याजवळ चांगला फॅब्रिकेशनवाला आहे त्यांनी तीन मिलिमीटर पत्र्याची, आतून 50 इंच उंच आणि कप्पा नसलेली पेटी करवून घेतली तर याच पैशांत अधिक चांगली वस्तू मिळेल, फक्त कुलूप हलके लावू देऊ नये.

आणखी एक बाब माहितीपत्रकात असायला हवी होती. 2024 साली लोकसभेच्या आणि पुन्हा विधानसभेच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, तेव्हा पेटी रिकामी आणि उघडी होती. तिचे दार ढकलले की आपोआप लागते आणि आतून उघडायची काही सोय नाही. लपाछपी खेळताना धाकटा नातू अंग चोरून आत कितपत मावतो ते पाहत होता, आणि तो मावत होता. तेव्हापासून बंदूक ठाण्यात असली तरीही पेटीला कुलूप असते.