चौदा महिने, चार माणसं आणि मोफतची साधनं: काय टिकलं, काय सोडलं

आमची चार जणांची टीम आहे. दोघं कोड लिहितो, एक जण डिझाइन बघते, एक जण ग्राहकांशी बोलते आणि हिशेबही तीच ठेवते. गेले चौदा महिने आमचं जवळजवळ सगळं काम मोफत किंवा अगदी कमी खर्चाच्या सॉफ्टवेअरवर चाललंय. सुरुवातीला अशा साधनांच्या याद्या मीही ढिगाने वाचल्या. त्यातल्या बऱ्याच पहिल्या आठवड्याच्या वापरावर लिहिलेल्या वाटल्या, आणि पहिल्या आठवड्यात सगळंच छान चालतं. साधन कसं आहे ते दोनदा कळतं: काहीतरी कोसळतं तेव्हा, आणि ते सोडून दुसरीकडे जायचं असतं तेव्हा. आमच्यावर दोन्ही वेळा येऊन गेल्या, म्हणून आता लिहायला बसलो.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने. 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेलं हे काम 1996 पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने चालू आहे. म्हणजे आमच्या टीममधल्या दोघांपेक्षा ते वयाने मोठं आहे. डेटाबेस म्हणून ते भक्कम आहे हे ऐकून होतो. पण आणखी किती कामं ते एकटं उरकतं याची कल्पना नव्हती.

उदाहरण सांगतो. ग्राहकाने फाइल चढवली की मागे तीन-चार कामं व्हावी लागतात: फाइल तपासणं, आकडे काढणं, मेल पाठवणं. ही कामं रांगेत लावायची. त्यासाठी वेगळी क्यू सेवा घ्यावी असं जो तो सांगत होता. माझ्या सहकाऱ्याने मात्र पोस्टग्रेसमध्येच एक साधं टेबल केलं, आणि काम उचलणाऱ्या क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आदेशाच्या) शेवटी 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' लावलं. 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून ही सोय आहे. एका वर्करने (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळ धरली की दुसरा तिच्यासाठी थांबून राहत नाही, ती वगळून पुढची ओळ उचलतो. वर्कर मध्येच मेला तर ट्रान्झॅक्शन मागे फिरतं, म्हणजे अर्धवट बदल रद्द होतात, आणि ओळ पुन्हा मोकळी होते. दहा महिने झाले, त्या टेबलाकडे फार बघावं लागलेलं नाही. झालेल्या कामांच्या ओळी रोज रात्री काढून टाकतो, कारण नाहीतर टेबल फुगत जातं. एवढंच. एक आख्खी सेवा चालवायची, अपडेट करायची आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम वाचलं. चार माणसांच्या टीमला ही बचत पैशांच्या बचतीहून मोठी असते.

आता बॅकअप. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) पीजी डम्प, म्हणजे पोस्टग्रेसचा डेटा बाहेर उतरवणारं साधन, चालायचं, त्याचं आउटपुट दाबून लहान करायला जीझिपकडे जायचं आणि फाइल दुसऱ्या मशीनवर साठायची. क्रॉन कधी कुरकुरला नाही. फाइली रोज तयार होत होत्या, नावात तारखाही बरोबर. पाचव्या महिन्यात एका ग्राहकाने चुकून काही नोंदी पुसल्या आणि त्या परत आणता येतील का म्हणून विचारलं. मी निश्चिंत होतो. फोल्डर उघडलं तर शेवटच्या तेवीस फाइली प्रत्येकी 20 बाइटच्या.

"आख्खा डेटाबेस वीस बाइटचा कसा असेल?" सहकारी माझ्या खुर्चीमागे उभा राहून विचारत होता, आणि आम्हा दोघांनाही उत्तर कळून चुकलं होतं. रिकामं इनपुट दाबून ठेवलं की जीझिपची फाइल बरोबर 20 बाइटची होते. तेवीस दिवसांपूर्वी आम्ही डेटाबेस नव्या मोठ्या आवृत्तीवर नेला होता. बॅकअपच्या मशीनवरचं पीजी डम्प जुनंच राहिलं होतं, आणि आपल्याहून नव्या मोठ्या आवृत्तीच्या सर्व्हरचा डम्प घ्यायला ते नकार देतं. ते एरर देऊन बंद पडत होतं. पण पाइपमधल्या, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला जोडलेल्या कमांडांतल्या, शेवटच्या कमांडचा निकाल तोच सगळ्याचा निकाल धरला जातो, आणि जीझिप बिचारं रिकाम्या हाताने का होईना यशस्वी होत होतं. स्क्रिप्टमध्ये, आधीची कमांड फसली तरी अपयश धरणारी, 'पाइपफेल' ही एक ओळ असती तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

त्या ग्राहकाच्या नोंदी आम्ही लॉगमधून हाताने जुळवून परत उभ्या केल्या. दोन दिवस गेले. नंतर वाचलं की 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेवर डेटा गमावण्याचा जो प्रसंग आला, त्यातही हेच एक कारण होतं: पीजी डम्पची आवृत्ती जुनी, सर्व्हरची नवी, आणि बॅकअप गुपचूप फसत राहिलेले. त्यांनी तो सगळा प्रकार लोकांसमोर मांडला, डेटा परत आणण्याचं काम थेट दाखवलं. त्या लेखनाचा आम्हाला फार उपयोग झाला, आणि त्यासाठी त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

त्यानंतर रेस्टिक हे बॅकअपचं साधन घेतलं. बॅकअप एन्क्रिप्ट करून ठेवतं, तोच तोच डेटा पुन्हा साठवत नाही, त्यामुळे साठवणुकीचा खर्च कमी राहतो. सोबत हेल्थचेक्स हे छोटं मुक्त साधन लावलंय. त्याची रीत उलटी आहे. काम नीट झालं की आपली स्क्रिप्ट त्याला निरोप धाडते, आणि ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर ते ओरडतं. एरर आली तर कळव, असं सांगून ठेवलेली यंत्रणा स्वतःच मेली तर काहीच कळत नाही. इथे शांतता हीच धोक्याची घंटा. शिवाय आता स्क्रिप्ट फाइलचा आकारही बघते, आणि महिन्यातून एकदा आम्ही रिकाम्या मशीनवर सगळा डेटा परत उभा करून पाहतो.

क्लाउड क्रेडिटबद्दल खूप जण विचारतात. मोठ्या क्लाउड कंपन्या नव्या स्टार्टअपना मोफत क्रेडिट, म्हणजे त्यांच्याच बिलात वळती होणारी रक्कम, देतात. आम्हालाही एकीकडून वर्षभरासाठी मिळालं. मिळालं तर जरूर घ्या. पण वर्षभर बिल शून्य दिसतं, आणि शून्याकडे कुणी निरखून बघत नाही. आम्ही चाचणीसाठी उभी केलेली मशीनं तशीच चालू होती. मशीन काढून टाकल्यावर मागे राहिलेल्या डिस्क पडून होत्या, आणि डिस्क कशालाही जोडलेली नसली तरी तिचं भाडं चालूच असतं. क्रेडिट संपायला सहा आठवडे उरले तेव्हा मी पहिल्यांदा क्रेडिट वगळून आकडा काढून पाहिला, आणि तो आमच्या बाकीच्या सगळ्या मासिक खर्चाच्या वर होता. बजेटचा अलर्ट लावला होता, पण अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही.

त्यातल्या निम्म्या गोष्टी आम्हाला लागतच नव्हत्या. उरलेल्या निम्म्या त्या क्लाउडच्या खास सेवांना बांधलेल्या होत्या, आणि त्या सोडवायला आम्हाला महिना लागला. डेटा आत न्यायला काही पडलं नव्हतं, बाहेर काढताना मात्र गिगाबाइटवर मोजून पैसे लागले. आता भाड्याचा एक मध्यम सर्व्हर आहे, त्यावर डॉकर कंपोझमध्ये (अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवणारं साधन) सगळं चालतं, पुढे कॅडी हा वेब सर्व्हर आहे. कॅडी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं (साइटशी होणारी जोडणी सुरक्षित ठेवणारी) स्वतः आणतो, स्वतः नवी करतो. ही सर्टिफिकेटं सहसा 90 दिवसांची असतात, आणि मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 पासून बंद केलंय. जुन्या पद्धतीने हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मोफत आणि मुक्त हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत, आणि साधन निवडताना हा फरक रोज कामाला येतो. मोफत म्हणजे आज पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे कोड तुमच्या हातात आहे, उद्या मालकाचं मन बदललं तरी. ॲप चालवून देणाऱ्या हेरोकू या सेवेने 28 नोव्हेंबर 2022 ला मोफत योजना थांबवली. त्यावर चालणाऱ्या छोट्या प्रकल्पांपुढे पैसे भरा नाहीतर हलवा एवढेच रस्ते राहिले. उलट, जानेवारी 2021 मध्ये शोधाच्या इलॅस्टिकसर्चने, ऑगस्ट 2023 मध्ये सर्व्हर उभारणीच्या टेराफॉर्मने आणि मार्च 2024 मध्ये कॅशच्या रेडिसने लायसन्स बदलून आवळल्याचं जाहीर केलं, तेव्हा आधीचा मुक्त कोड घेऊन लोकांनी ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की उभे केले. आम्ही कॅशसाठी (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायला) व्हॅल्की वापरतो. बदल करायला आम्हाला एक दुपार लागली, कारण कोडमध्ये काही हलवावंच लागलं नाही. म्हणून नवीन काही घेताना आता मी आधी लायसन्सची फाइल वाचतो, मग एक्सपोर्टचं बटण शोधतो. दोन्ही ठिकाणी समाधान झालं की मगच बाकीचं बघतो.

चॅटमध्ये हे आम्ही अनुभवलं. सुरुवातीला एका लोकप्रिय सेवेची मोफत योजना घेतली होती. तिथे 90 दिवसांपूर्वीचे संदेश दिसेनासे होतात. वर्षभरापूर्वी अमुक ग्राहकाची किंमत तशी का ठरवली, हा प्रश्न आला आणि ती चर्चा कुठेच सापडेना. मग झुलिप हे मुक्त चॅट साधन स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं. किमान 2 जीबी रॅम लागते, तेवढी तयारी ठेवा. त्यात गटातल्या संदेशाला विषय द्यायचा असतो. पहिले पंधरा दिवस सगळ्यांना हा जाच वाटला. ग्राहक बघणारी आमची सहकारी तर म्हणाली, "मला नुसतं 'हो' म्हणायचंय, त्यालाही विषय लिहू?" आता तीच नव्या माणसाला विषय नीट लिही म्हणून बजावते, कारण सकाळी आल्यावर तीन विषय वाचायचे आणि बाकीचे सोडायचे, हे फक्त त्यामुळे जमतं.

कोड गिटहबवर आहे. खासगी रेपो (कोडचे साठे) तिथे कितीही माणसांसाठी मोफत आहेत, एप्रिल 2020 पासून. खासगी रेपोंना ॲक्शन्सची (चाचण्या आपोआप चालवणारी सोय) महिन्याला 2000 मिनिटं मिळतात. आमच्या चाचण्यांना एका वेळी अकरा मिनिटं लागायची, त्यामुळे ती विसाव्या तारखेलाच संपत. कॅश नीट लावली, आणि नुसता मजकूर बदलला असेल तर चाचण्या वगळल्या. आता चार मिनिटांत होतं आणि महिना पुरतो.

मेटाबेस या डेटाबेसमधले आकडे दाखवणाऱ्या साधनाबद्दल दोनच वाक्यं. डेटाबेसला फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर करून जोडलं, आणि या महिन्यात किती ग्राहक परत आले हे विचारायला आता कुणाला माझ्याकडे यावं लागत नाही. हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये, ठीक चाललंय. डिझाइन मात्र आम्ही मुक्त साधनावर नेलं नाही. पेनपॉट चांगलं आहे, फाइली एसव्हीजीसारख्या खुल्या मानकांवर बेतलेल्या आहेत, पण डिझायनरचा हात दुसऱ्या साधनावर बसलाय आणि तिचा वेग आम्हाला हवाय. हिशेबात तो वेगही धरावा लागतो.

दोन ठिकाणी आम्ही पैसे मोजतो. एक, मेल. मेल सर्व्हर स्वतः चालवू नका. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरा असल्याच्या खुणा लावणं जमतं, पण नव्या आयपी पत्त्यावरच्या मेलवर समोरचे सर्व्हर विश्वास ठेवायला वेळ घेतात, आणि तोवर तुमची पावती ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून असते. दोन, डोमेन. ते कंपनीच्या मेलवर, आपोआप नूतनीकरण होईल असं नोंदवा. आमचं एका जुन्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक मेलवर नोंदलेलं होतं. तो गेल्यावर आठ महिन्यांनी ते उमगलं. माणूस चांगला, त्याने त्याच दिवशी आमच्या नावावर करून दिलं.

पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड जपणाऱ्या साधनात आहेत. गेल्या महिन्यात डेटा परत उभा करायची पाळी आम्ही मुद्दाम ग्राहक बघणाऱ्या सहकारीला दिली. तिने आयुष्यात टर्मिनल चार-पाचदाच उघडलंय. आम्ही लिहिलेली पानं समोर ठेवून ती सहाव्या पायरीपर्यंत आली आणि अडली: रेस्टिकचा पासवर्ड विचारला जात होता, आणि तो सामायिक तिजोरीत नव्हता, माझ्या एकट्याच्या तिजोरीत होता. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा. तो परत मिळवायची सोयच नाही. त्याच मिनिटाला तो सामायिक तिजोरीत हलवला, एक प्रत कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली. मग ती पुढे गेली आणि पन्नास मिनिटांनी तिच्या स्क्रीनवर लॉगिनचं पान उघडलं.