माफिया ग्रुपच्या अवॉर्ड्सना गूगल फॉर्म्स: साडेतीन स्टार, आणि कॅटेगऱ्यांबद्दल थोडं जास्तच

फुकट आहे, पटकन बनतो, फोनवर नीट उघडतो. आमच्या इंदूरच्या ऑनलाइन माफिया ग्रुपच्या अवॉर्ड्सचं व्होटिंग गूगल फॉर्म्सवर केलं आणि काम झालं, म्हणून पाचपैकी साडेतीन. दीड का कापले ते सांगतो, पण भिया, कॅटेगरीच वाकडी असली तर फॉर्म कुठलाही घ्या, भांडण होणारच.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, माफिया म्हणजे 1986 मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफने काढलेला खेळ, मूठभर माफिया एकमेकांना ओळखतात, बाकी गाववाल्यांना काहीच माहीत नसतं, रात्री माफिया एकाला उडवतात, दिवसा सगळे मतं देऊन कोणालातरी फाशी देतात. रोल चिठ्ठीवर. आता यात ‘वर्षातला बेस्ट माफिया’ ठेवलं की ज्याच्या नशिबी वर्षभर गाववालाच आला तो आधीच बाहेर. ‘सगळ्यात जास्त विजय’ तर त्याहून बेकार, कारण विजय टीमचा असतो, आणि जो खरंच चांगला खेळतो तो पहिल्याच रात्री मरतो, माफियालाही माहीत असतं ना की हा राहिला तर आपण पकडले जाणार! म्हणजे जितका हुशार तितकं खेळायलाच कमी मिळतं, मग त्याचं कौतुक कशात मोजणार?

शिवाय सगळे गेम सारखे नसतात. 2008 च्या एका गणिती पेपरात (ब्रेव्हरमन, एतेसामी, मोसेल) दाखवलंय की डिटेक्टिव्ह (रात्री एखाद्याची खरी ओळख तपासू शकणारा गाववाला) नसेल तर दोन्ही बाजूंना बरोबरीचा चान्स द्यायला माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढायला हवी, म्हणजे खेळाडू चौपट झाले तर माफिया फक्त दुप्पट. आपले होस्ट लोक, म्हणजे गेम चालवणारे, माफिया किती ते अंदाजे टाकतात, त्यामुळे एखाद्या सेटअपमध्ये माफियाने जिंकणं म्हणजे काहीच नाही आणि दुसऱ्यात गाववाले तिसऱ्या दिवसापर्यंत टिकले हेच मोठं. तरी सगळे विजय एकाच तागडीत!

म्हणून आम्ही नॉमिनेशन माणसाला नाही, एका गेममधल्या खेळाला ठेवलं. ‘माफिया म्हणून एका गेममधली कामगिरी’, ‘गाववाला म्हणून एका गेममधली कामगिरी’, दोन्हीत हरलेल्या टीमचाही माणूस चालेल, नॉमिनेट करताना गेमची लिंक आणि दोन ओळीत कारण द्यायचं. याने अजून एक झालं, जानेवारीतले गेम कोणाला आठवत नाहीत आणि डिसेंबरवाले फुकट जिंकतात, ते जरा कमी झालं. पहिल्या रात्री मरणाऱ्यांसाठी ‘मेल्यावरही खरा ठरलेला संशय’ अशी एक कॅटेगरी आहे, म्हणजे मरायच्या आधी ज्याच्यावर बोट ठेवलं तो शेवटी माफियाच निघाला. माझी सगळ्यात आवडती हीच. होस्टची कॅटेगरी वेगळी, तिथे सेटअप किती बरोबरीचा होता ते बघायचं, आणि ‘नवीन खेळाडू’ म्हणजे कोण ते आधीच लिहून टाका (आमच्याकडे ज्याचा पहिला गेम याच वर्षी झाला तो), नाहीतर दोन वर्षं जुना माणूस पण मी नवीनच म्हणून उभा राहतो.

आता फॉर्म. ‘शफल ऑप्शन ऑर्डर’ नक्की चालू करा, नाहीतर वरच्या नावाला आयती मतं पडतात. पहिली-दुसरी-तिसरी पसंती घ्यायची तर ‘मल्टिपल चॉइस ग्रिड’ घ्या, आडव्या ओळींत नॉमिनी, उभ्या कॉलममध्ये पसंती, आणि एका कॉलमला एकच उत्तर ही लिमिट लावा. पण प्रत्येक ओळीत उत्तर हवंच हे चालू ठेवू नका, नॉमिनी पाच आणि कॉलम तीन असले तर फॉर्म सबमिटच होणार नाही. पसंतीचे पॉइंट फॉर्म मोजून देत नाही, शीटमध्ये जाऊन स्वतः फॉर्म्युला लावायचा, पहिला स्टार इथे गेला.

आम्ही 3-2-1 पॉइंट दिले. ही पद्धत अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या बोर्दाच्या नावाने ओळखली जाते, आणि म्हणतात की तो स्वतःच म्हणाला होता, माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठीच आहे. आणि आमचा ग्रुप? वर्षभर खोटं बोलायची आणि गट करून मतं फिरवायची प्रॅक्टिस करणारे लोक!

त्यातच उरलेला अर्धा स्टार. ‘एका माणसाला एकच उत्तर’ लावलं की गूगल लॉगिन लागतं, पण दुसरं अकाउंट असेल तर दुसरं मत पण पडतंच. ईमेल गोळा केले तर पकडता येतं, पण मग कोणी कोणाला मत दिलं ते फॉर्मवाल्याला दिसतं, आणि फॉर्मवाला स्वतः नॉमिनी असला की झालंच. तोडगा असा की फॉर्म एका मेंबरच्या आत्याच्या अकाउंटवरून बनवला. त्या रामबागेत राहतात, बँकेतून रिटायर झाल्यात, त्यांना माफिया-बिफिया काही कळत नाही, हिशोब मात्र चोख. दोन अकाउंटवाला त्यांनीच पकडला, नाव अजून सांगत नाहीत.

आणि हो, रिझल्टची समरी व्होटरला दाखवायचं ऑप्शन बंद आहे ना ते बघा, नाहीतर लोक आकडे बघून मत देतात. गमतीच्या कॅटेगऱ्या वेगळ्या सेक्शनमध्ये टाका, आणि ‘वर्षातला सगळ्यात मोठा पोपट’ ज्याचा होणारे त्याला आधी विचारून घ्या, सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) सगळ्यांसमोर अनाउन्स करायच्या आधी.