बायपॉड की स्लिंग? पन्नास मीटर पडून नेमबाजी

पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर स्पर्धेची तयारी करत असाल तर निवड स्लिंगचीच, म्हणजे दंडाला बांधून रायफल पेलणाऱ्या पट्ट्याची. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) प्रोन, म्हणजे पडून नेम धरायच्या प्रकारात बायपॉड (रायफलच्या पुढच्या भागाखालचा दोन पायांचा आधार) चालत नाही. तरीही रायफल आणि गोळ्यांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) तपासायला बायपॉड हवाच, कारण त्यात नेमबाजाची थरथर बरीच कमी होते.

बायपॉडचे पाय शक्य तितके आखूड ठेवा, साधारण ६ ते ९ इंच. खांद्याने रायफल हलकी पुढे रेटा, म्हणजे पायांतली ढील निघते. दस्त्याखाली, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाखाली, वाळूची छोटी पिशवी घ्या; ती मुठीत आवळली की नळी खाली जाते, सोडली की वर. नुसत्या सिमेंटच्या फरशीवर पाय उसळतात आणि गोळ्यांचा गट सरकतो. खाली रबरी मॅट टाकली की बराच फरक पडतो.

स्लिंगला खरी मेहनत लागते, पण अंगात मुरते तीच. पट्टा दंडावर उंच बांधा. दंडाच्या आतल्या बाजूची धमनी दाबली गेली तर प्रत्येक ठोक्याला साइट (नेम धरायचं साधन) उडताना दिसते. तेव्हा पट्टा थोडा बाहेरच्या बाजूला फिरवा. वजन हाडांनी पेलायचं, स्नायूंनी नाही. नेम धरून डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साइट बाजूला गेली असेल तर हाताने ओढू नका. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं आहे, ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच परत फिरतो.

नवख्याने आधी बायपॉडवर फक्त ट्रिगर शिकावा, मग स्लिंग बांधावी.