इनलेची खाच हाताने मारायचं कटर : सागवानावर वापरून बघितलं

लाकडी डब्याच्या झाकणावर किंवा ट्रेच्या कडेने पांढरट बारीक रेघ असते बघा, रंगाने काढलेली नाही तर खरोखर लाकडाची पट्टी खाचेत बसवलेली, ते स्ट्रिंग इनले. ती खाच मारायला ट्रिम राउटर (खाचा पाडायचं छोटं विजेवरचं मशीन) न घेता हाताने ओढायचं कटर मी घेतलं आणि आता बरेच महिने वापरतेय, चौरंग, ट्रे, मसाल्याच्या डब्यांची झाकणं असल्या घरातल्याच वस्तूंवर.

या टाईपमधलं नावाजलेलं म्हणजे अमेरिकेतल्या लाय-नील्सनचं, स्टीव्ह लाटा नावाच्या फर्निचरवाल्याबरोबर डिझाईन केलेलं, आणि कॅनडाच्या व्हेरिटासचंही असतं. ती इथे मागवायची तर शिपिंग आणि ड्यूटी धरून डोळे पांढरे होतात, म्हणून मी आपल्याकडच्याच एका ऑनलाइन दुकानातून साधी कॉपी घेतली, नाव नाही लिहीत. सेटमध्ये दोन टूल, एक सरळ रेघेचं ज्याला मार्किंग गेजसारखी (कडेला समांतर रेघ आखायचं सुतारी अवजार) कडेला टेकायची पट्टी आहे आणि दुसरं कंपाससारखं, एका टोकाला पिन दुसऱ्या टोकाला ब्लेड, सोबत पाऊण ते दीड मिलिमीटरपर्यंतची ब्लेडं.

आधी वाईट सांगते. ब्लेडं धार न लावताच आली होती!! म्हणजे आकार दिलेला पण कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, तशीच, त्याने खाच मारली तर लाकूड कापत नाही, फाटतं. बारीक स्टोनवर घासून घेतल्यावर फरक लगेच कळला. आणि सागवान वापरणार असाल तर ही धार परत परत लावायची तयारी ठेवा, सागात सिलिका असतं त्यामुळे कुठलीही पटाशी रंधा लवकर बोथट होतो, मग ही एवढीशी ब्लेडं किती टिकणार.

पण सरळ रेघ मात्र सुरेख येते. पहिला हात अगदी हलका, नुसता ओरखडा उठेल एवढाच, कारण ब्लेड लाकडाच्या रेषेबरोबर वाहवत जायला बघतं, एकदा चाकोरी पडली की मग जोर वाढवा आणि टूलची टेकायची पट्टी कडेला घट्ट दाबून ठेवा. खोली दीड मिलिमीटर पुरते, त्याहून खोल जाऊन काही मिळत नाही. आडव्या रेषेत, म्हणजे तंतू तोडत जाताना, खाचेच्या दोन्ही कडा आधी धारदार सुरीने फूटपट्टी धरून कापून घ्या, नाहीतर कडा उचकटतात आणि ते फिलरने लपत नाही. सागाला हे दहापट लागू.

कंपासवालं टूल खरं पैसे वसूल करतं. राउटरने गोलाई मारायला जिग (मशीन धरून फिरवायचा साचा) बनवा, टेम्प्लेट बनवा, आणि एवढं करून तो ३०,००० आरपीएमचा आवाज आणि धूळ फ्लॅटमध्ये कोण सहन करणार, शिवाय एवढं बारीक बिट जरा घाई झाली की मोडतं. इथे पिन टेकवायची आणि फिरवायचं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीत १८व्या शतकात कंपासने काढलेल्या कमानी आणि टोकाला लाकडाचे बारीक गोल मणी अशी नक्षी करायचे, पेट्यांवर कपाटांवर, ती या पद्धतीने घरी जमते. पिनचं भोक मधोमध दिसतं याची चिंता असेल तर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा डबल टेपने चिकटवा आणि पिन त्याच्यात टेकवा, झालं.

आता दुकानवाले जे सांगत नाहीत ते. खाच म्हणजे अर्धं काम, तिच्यात बसवायची लाकडी पट्टी कुठून आणणार? परदेशात हॉली नावाचं पांढरं लाकूड वापरतात, ते इथे विसरा. मी मेपलचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ काप, आणते, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास मिळून जातं, ते साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाऊणच्या खाचेत सैल होतं, दोन थर चिकटवून मग घासून खाचेच्या मापाला आणावं लागतं. स्टीम बीच (वाफवलेलं बीचचं लाकूड) गुलाबट असतं, सागावर उठून दिसत नाही. पट्टी बोटाने दाबून जाईल अशीच ठेवा, हातोडीने ठोकावी लागत असेल तर जाड आहे, फेविकॉलच्या पाण्याने ती अजून फुगते. गोलाईसाठी ओली करून गरम पाइपवर वाकवायची.

सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी वर आलेली असते ती पॉलिश पेपरने घासू नका!! शिसवीवर तर मुळीच नको, काळा भुसा पांढऱ्या पट्टीत भरतो आणि रेघ मळकट दिसते. स्क्रेपरने (लाकूड खरवडायचं पातळ पोलादी पातं) किंवा धारदार पटाशीने सपाट करा, वरून लगेच शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात.

घ्यावं का? फक्त सरळ रेघा मारायच्या असतील तर नका घेऊ, हॅकसॉचं जुनं ब्लेड मोडा, दात ग्राइंड करून टाका, मार्किंग गेजच्या दांड्यात चीर पाडून अडकवा, साधारण ०.६ मिलिमीटरची खाच फुकटात पडते आणि तिच्यात व्हिनियरचा एकच थर बसतो. गोलाई करायची असेल तर घ्या, पण सेटमधलं दीडचं ब्लेड माझ्याकडे जवळपास पडूनच आहे, डब्याच्या झाकणावर एवढी जाड रेघ बॉर्डरसारखी दिसते, त्यामुळे सुटी ब्लेडं मिळत असतील तर बारीकच दोन घ्या.